गंगेवरचे मानकरी

पावसाळ्यात नाशिकच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की धरणातून किती पाणी सोडले, हे गावात नंतर विचारले जाते. आधी विचारले जाते ते एवढेच : "मारुतीच्या कुठवर आलंय?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पात्राला लागूनच उभा आहे आणि जुन्या नाशकातल्या कित्येक पिढ्यांनी पूर त्याच्याच अंगावर वाचला आहे. पाणी त्याच्या पायाशी आहे तोवर कोणी फारसे हलत नाही. गुडघ्यापर्यंत आले की घाटावरचे फुलवाले, पूजासाहित्यवाले आणि भाजीवाले आपले सामान उचलू लागतात. कमरेच्या वर चढू लागले की भांडी बाजारात आणि सराफ बाजारात माल वरच्या मजल्यावर नेण्याची धावपळ सुरू होते, आणि मारुती बुडाला अशी बातमी आली की पुढे काय करायचे हे कोणाला सांगावे लागत नाही. त्याही वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांकडून मिळालेली ही घंटा नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये गंगेच्या काठी बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या दारावर टांगलेली आहे, आणि १९६९ च्या महापुराची आठवण सांगताना जुनी माणसे पाणी त्या घंटेला लागल्याचे आवर्जून सांगतात.

आता गंगापूर धरणातल्या विसर्गाचे आकडे तासातासाला मोबाइलवर येतात आणि ते अचूकही असतात. तरीही होळकर पुलाच्या कठड्याशी पूर पाहायला उभी राहिलेली माणसे अजूनही मारुतीचीच भाषा बोलतात, कारण अमुक हजार क्युसेक म्हणजे आपल्या उंबऱ्याशी किती पाणी, याचा हिशेब त्या आकड्यातून चटकन लागत नाही आणि मूर्तीवरून मात्र डोळ्यांना दिसतो. मला नाशिकविषयी काही सांगायचे असले की मी इथूनच सुरुवात करतो. पर्यटनाच्या पुस्तिकांमध्ये ज्यांना प्रेक्षणीय स्थळे म्हणतात त्यांतली या गावातली बहुतेक ठिकाणे पाहण्याइतकीच वापरण्यासाठी आहेत, आणि त्यांचा वापर टिकून राहिला आहे तो प्रत्येक ठिकाणामागे कोणीतरी नेमलेला माणूस, घर, गल्ली किंवा तालीम उभी असल्यामुळे. आमच्याकडे त्याला मान म्हणतात. मान मिळणे म्हणजे हारतुरे मिळणे, असा त्याचा अर्थ बाहेरच्या माणसाला वाटू शकतो. इथे मान असणे म्हणजे ते काम दरवर्षी, ठरलेल्या दिवशी, ऊन असो वा पाऊस, आपल्यालाच करावे लागणे.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते रामकुंडावर. त्र्यंबकेश्वराजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेकडे वाहत येते आणि रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. या वळणामुळे हे स्थान विशेष पवित्र मानले गेले. वनवासात रामाने वडिलांचे श्राद्ध इथे केले अशी श्रद्धा असल्याने देशभरातून लोक इथे अस्थी विसर्जनासाठी येतात. महात्मा गांधींच्या अस्थीही इथल्या पाण्यात सोडल्या गेल्या आणि शेजारच्या जलाशयाला गांधी तलाव हे नाव मिळाले. काठावरच्या कपालेश्वराची कथा मला लहानपणापासून आवडत आली आहे : ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग शंकराला नंदीने दाखवला, म्हणून शंकराने त्याला गुरू मानले आणि आपल्यासमोर सेवकासारखे बसू नये असे सांगितले. त्यामुळे या देवळात पिंडीसमोर नंदी नाही. रिकाम्या जागेने इतके काही सांगणारे देऊळ माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

रामकुंडावरच्या पुरोहितांच्या घरांत नामावळीच्या वह्या आहेत. कोणत्या प्रांतातले आणि कोणत्या गावचे यजमान कोणत्या घराण्याकडे जायचे याची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि जो कोणी इथे येऊन विधी करतो त्याच्या कुळाची नोंद त्या वहीत होते. माझ्या आत्याचे यजमान वारले तेव्हा आतेभाऊ त्यांच्या अस्थी घेऊन विदर्भातून आला होता आणि त्याच्याबरोबर मी घाटावर गेलो होतो. त्याला आपले गुरुजी कोण हे ठाऊक नव्हते. घाटावरच्या पहिल्याच गुरुजींनी त्याला गाव विचारले, आडनाव विचारले आणि "तुमचे गुरुजी पलीकडे, त्या पिंपळापाशी विचारा," असे सांगून स्वतः बाजूला झाले. दक्षिणा हातची जात असूनही त्यांनी हे सहज केले, याचे भावाला नवल वाटले. पिंपळाजवळच्या घरातल्या गुरुजींनी मूळ गाव पुन्हा एकदा विचारून घेतले, आतून लाल कापडात बांधलेली एक जाड वही आणली आणि पाने उलटत एका जागी बोट ठेवले. शके १८६४ ची नोंद होती. मोडीतली, काळ्या शाईची, अक्षर घाईचे आणि उजवीकडे चढत गेलेले. "हे तुमचे पणजोबा. आईच्या अस्थी घेऊन आले होते," असे म्हणून गुरुजींनी ती ओळ वाचून दाखवली, तिच्यात भाऊ आणि मुलगे यांची नावे होती, खाली सही होती. पणजोबांचे अक्षर आमच्यापैकी कोणीही त्याआधी पाहिलेले नव्हते. घरात त्यांचा एक फोटो आहे, एवढेच.

मग गुरुजींनी वही भावापुढे सरकवली आणि आपल्या हाताने लिहायला सांगितले. वडिलांचे नाव, तिथी, आपले नाव, पत्नीचे नाव लिहून झाल्यावर भाऊ थबकला. त्याला दोन मुली आहेत आणि वरच्या एकाही नोंदीत मुलींची नावे दिसत नव्हती. "मुलींची नावं लिहू का गुरुजी?" असे त्याने विचारले. "लिहा, लिहा की. पुढे त्याच यायच्या आहेत विचारत," गुरुजी म्हणाले आणि दुसऱ्या यजमानांकडे वळले. परंपरा कशी बदलते यावर अनेक परिसंवादांत मी बरेच ऐकले आहे. तिथे त्या फळकुटावर ती बदलताना मला प्रत्यक्ष दिसली आणि तिला दोन वाक्यांहून अधिक काही लागले नाही. ती वही कोणत्याही पुराभिलेखागारात नाही. पुराच्या वेळी ती वरच्या मजल्यावर नेणे, कसर लागू न देणे, मोडी वाचता येणारा एक तरी माणूस घरात तयार ठेवणे, हे सारे त्या घराचे काम आहे. विधी आटोपल्यावर पूर्वी लोक भांडी बाजारातून तांब्याचा गडू घेत, त्यात गंगेचे पाणी भरून, तोंडाला डाक देऊन तो घरी नेत. आजही नेतात. ते गडू घडवणाऱ्या तांबटांची स्वतंत्र आळीच जुन्या गावात आहे.

चैत्रातला रथोत्सव हा मानाचा सर्वांत मोठा देखावा. कामदा एकादशीला काळारामाचा रथ निघतो आणि त्याच्या पुढे गरुडरथ चालतो. रामरथ ओढण्याचा मान एका तालमीचा, गरुडरथाचा दुसऱ्या तालमीचा. दोघांचेही तरुण पांढऱ्या पोशाखात, खांद्यावरून दोर घेऊन सज्ज असतात. रथाच्या पुढे पुजारी घराण्यातले त्या वर्षीचे मानकरी, ज्यांना बुवा म्हणतात, हात जोडून, देवाकडे तोंड करून, उलट्या पावली चालतात. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून ते सबंध मार्ग असे चालतात, उत्सवाच्या काळात व्रतस्थ राहतात आणि दरवर्षी हा मान घराण्यातल्या शाखांमध्ये फिरत जातो. अरुंद रस्त्यांवरून तो प्रचंड लाकडी रथ वळवणे हे जोराइतकेच नजरेचे काम आहे. चाकापाशी असलेल्या माणसाने हात वर केला की शंभर माणसे एका क्षणात थांबतात. रामरथ नदी ओलांडत नाही. तो पंचवटीच्या बाजूलाच थांबतो, गरुडरथ मात्र पलीकडे जुन्या नाशकात जाऊन येतो, आणि मग दोघे रामकुंडावर येऊन देवांना अवभृथ, म्हणजे उत्सवाच्या सांगतेचे, स्नान घातले जाते. ज्याचा रथ आहे तो काठावर थांबतो आणि सेवक गाव फिरून येतो, ही रचना ज्याने कोणी पहिल्यांदा ठरवली असेल त्याला उत्सवाची फार सूक्ष्म जाण असली पाहिजे असे मला वाटते.

पण मानाची गोष्ट सांगताना ती इथेच थांबवली तर ती खोटी होईल. ज्या व्यवस्थेत दोर कोणी धरायचा हे ठरलेले असते त्याच व्यवस्थेत दोर कोणी धरायचा नाही हेही ठरलेले असते. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले काळारामाचे देऊळ काळ्या पाषाणाचे आहे, त्याभोवती उंच तट आहे आणि तटाला चारी दिशांना दरवाजे आहेत. २ मार्च १९३० रोजी हे चारही दरवाजे बंद करण्यात आले, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष शिस्तीत, रांगेने देवळाकडे चालत आले होते. दरवाजे उघडले नाहीत म्हणून मिरवणूक गंगेच्या काठाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीतले १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया दरवाजांपुढे बसले. दादासाहेब गायकवाड यांनी पुढे हा सत्याग्रह नेटाने चालवला. त्याच वर्षीच्या रथोत्सवात रथ सर्वांनी मिळून ओढावा अशी तडजोड झाली होती. ती पाळली गेली नाही, रथ आधीच पळवून नेला गेला आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. सुमारे पाच वर्षे हे चालले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि त्यानंतर देवळाचे दार ठोठावण्यात त्यांनी शक्ती घालवली नाही.

दारे कायद्याने उघडली ती १९४७ च्या सुमारास, मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाल्यावर. नाशिकच्या धार्मिक परंपरांवर लिहिणारे अनेकजण हा भाग दोन ओळींत उरकतात किंवा राजकीय इतिहास म्हणून वेगळा काढतात. मला ते पटत नाही. त्या स्त्रियांनी रामाच्या दारात बसणे हीही या क्षेत्राची परंपराच आहे, आणि दोन्हींपैकी रामाच्या अधिक जवळची कोणती हे ठरवण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. काळारामाला पाहुण्यांना घेऊन जाताना मी त्यांना सभामंडपाचे खांब दाखवण्याआधी दरवाजे दाखवतो, आणि १९३० साली तिथे कोण बसले होते ते सांगतो. मान ही चांगली व्यवस्था आहे असे म्हणण्याचा अधिकार हे सांगितल्याशिवाय मला मिळत नाही असे मला मनापासून वाटते.

जुन्या गावातले मान मात्र वेगळ्या जातकुळीचे आहेत, अधिक मोकळे आणि अधिक भिजलेले. नाशिकमध्ये रंग खेळायचा दिवस म्हणजे रंगपंचमी, आणि रंग खेळायची जागा म्हणजे रहाड. पेशवेकाळापासून जुन्या पेठांतल्या चौकांत पुरुषभर खोल दगडी हौद बांधलेले आहेत. वर्षभर ते लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेले असतात, वरून रिक्षा आणि हातगाड्या जातात आणि खाली हौद आहे हे नवख्याच्या ध्यानातही येत नाही. रंगपंचमीच्या आधी काही दिवस तो चौक खणला जातो. माती उपसली जाते, ओंडके निघतात, आतला गाळ साफ होतो, कढयांमध्ये फुले उकळून रंग तयार होतो आणि तो रहाडीत ओतला जातो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, एकीचा पिवळा, दुसरीचा केशरी, आणि तो बदलायचा नाही. पूजा झाल्यावर मानकरी पहिली उडी मारतो. मग दिवसभर चौकातल्या प्रत्येक माणसाला आत पडावेच लागते. इथल्या बोलीत त्याला धप्पा म्हणतात : पाठीवर आपटत उडी मारायची, म्हणजे उडालेला रंग काठावर कोरड्या उभ्या असलेल्यांवर पडतो. फुलांचा रंग गरम पाण्यात काढलेला असतो, त्याचा वास उग्र आणि गोडसर असतो आणि तो दोन-तीन दिवस अंगाला राहतो. संध्याकाळी उत्सव संपला की रहाड पुन्हा पूजेनिशी झाकली जाते.

रहाड दुसऱ्या गावात नेऊन करता येण्यासारखी गोष्ट नाही, कारण ती करायला एक चौक लागतो आणि तो चौक आपला मानणारी माणसे लागतात. तीनशे चौसष्ट दिवस जमिनीखाली असलेल्या एका हौदाची आठवण ठेवणे, तो कोणत्या दगडापासून किती हातांवर आहे हे माहीत असणे, रस्त्याचे डांबरीकरण करायला आलेल्या ठेकेदाराला तिथे हात लावू न देणे, ही सगळी त्या चौकाची जबाबदारी. जिथे माणसे पांगली, वाडे पाडून इमारती झाल्या आणि नवे राहायला आलेले कोणाला ओळखेनासे झाले, तिथल्या रहाडी रस्त्याखाली तशाच राहिल्या. अलीकडे काही चौकांत तरुणांनी म्हाताऱ्यांना विचारून, जागा शोधून, बुजलेल्या रहाडी पुन्हा खुल्या केल्या आहेत याचा मला विलक्षण आनंद आहे. धुळवडीच्या दिवशी निघणाऱ्या वीरांचेही तसेच. घरातले देवाचे टाक घेऊन लहान मुलांना वीर म्हणून सजवून गंगेवर न्यायचे, देवांना स्नान घालायचे आणि वाजतगाजत परत यायचे. दाजिबा वीराची मिरवणूक बाशिंग बांधलेल्या नवरदेवाच्या थाटात दिवसभर गावातून फिरते, आणि दारोदारी तिची वाट पाहिली जाते.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे याचा शोध घेताना मी अनेकदा गावाबाहेरच्या लेण्यांवर जातो. त्रिरश्मी डोंगरातल्या या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, पण ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरवली आहे आणि शाळेच्या सहली तिथे थांबतात. मला मात्र दहाव्या लेण्यातले उषवदाताचे लेख अधिक खेचून घेतात. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने काय दिले याची यादी त्यात आहे : नद्यांवर बांधलेले घाट, प्रवाशांना फुकट पार नेणाऱ्या नावा, विश्रांतीसाठी निवारे. यादीत तापी आहे, दमणगंगा आहे, डहाणूची नदी आहे. तीर्थाला जाणाऱ्या माणसाला नदी ओलांडता आली पाहिजे, उतरायला पायऱ्या पाहिजेत आणि रात्री डोक्यावर छप्पर पाहिजे, हे तेव्हाही कळलेले होते. पुढे अहिल्याबाई होळकरांनी हेच केले आणि गाडगे महाराजांनी नाशिकला धर्मशाळा बांधली तीही याच जाणिवेतून.

उषवदाताच्या लेखात त्याहून महत्त्वाची गोष्ट पैशाची आहे. लेण्यात पावसाळ्याला राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली. गोवर्धन म्हणजे आजच्या नाशिकच्या अगदी लगतचे गाव. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस, आणि लेखात वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे असे लिहिले आहे. हिशेब तंतोतंत जुळतो. शेवटी असेही नोंदवले आहे की हे सर्व निगमसभेत वाचून दाखवले आणि फलकावर लिहिले. राजाच्या जावयाला आपले दान गावाच्या सभेत जाहीर वाचून दाखवावेसे वाटले, कोण किती देणार आणि कोणाला देणार हे सर्वांना माहीत असावे असे वाटले. त्या अंधाऱ्या भिंतीसमोर उभे राहिले की भक्तीइतकाच कारभारही तीर्थाचा भाग असतो हे मला लख्ख दिसते.

आता नदीकडे येतो, कारण इतका वेळ ज्या मानांविषयी मी लिहिले ते सारे तिच्या पाण्याशी येऊन संपतात. रहाड चौकाची, रथ तालमीचा, वही गुरुजींच्या घराची. नदी मात्र सर्वांची, आणि म्हणून तिचा असा मानकरी कोणीच नाही. रामकुंडाच्या आसपास पात्रात अनेक कुंडे आहेत : सीताकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, अहिल्याकुंड, शारंगपाणी, दशाश्वमेध, मुक्तेश्वर. या कुंडांना आतून झरे होते, म्हणजे नदी आटली तरी कुंडात पाणी राहत असे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीसाठी सपाट जागा हवी म्हणून पात्रात सिमेंटचा गिलावा झाला आणि त्याखाली कित्येक कुंडे बुजली. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले आणि गुढीपाडव्याच्या स्नानासाठी टँकरने पाणी आणून ओतावे लागले. ते दृश्य पाहताना मला जितके वाईट वाटले तितके दुसऱ्या कोणत्याही पुरात वाटले नव्हते. वाघाडी आणि नासर्डी या उपनद्या आज नाल्यांसारख्या वाहतात, अरुणा रस्त्याखाली झाकली गेली आहे. गोदेवर प्रेम करणाऱ्या नागरिकांनी न्यायालयात दाद मागितली, वर्षानुवर्षे कागद सांभाळले, तारखांना हजर राहिले, आणि त्यांच्या चिकाटीमुळे काही कुंडांवरचे सिमेंट फोडायला सुरुवात झाली. त्यांना कोणी मान दिलेला नव्हता. त्यांनी तो आपणहून घेतला.

सिंहस्थ कुंभमेळा हा या शहराच्या नदीशी असलेल्या नात्याचा सर्वांत मोठा प्रसंग. गुरू सिंह राशीत आला की तो भरतो, म्हणजे साधारण बारा वर्षांनी. स्नानाच्या अग्रक्रमावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठा संघर्ष झाला. तेव्हापासून शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात आणि निर्मोही, निर्वाणी, दिगंबर हे वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडात. रामकुंडाजवळचे गंगेचे एक देऊळ एरवी बंद असते आणि सिंहस्थातच उघडते. साधूंचे तळ तपोवनात पडतात, आणि शहर काही महिने स्वतःपेक्षा कितीतरी पट मोठे होते. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, हे या गावाने विसरता कामा नये. त्या उताराच्या अरुंद रस्त्यावरून आजही चालताना माझी पावले मंदावतात. २०१५ च्या वेळी गर्दीची आखणी बरीच काळजीपूर्वक झाली होती.

२०२७ च्या सिंहस्थासाठी घाट, रस्ते आणि पूल यांची कामे निघाली आहेत आणि गर्दीची सोय केलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. माझे मागणे एवढेच आहे की या कामांबरोबर पात्रातल्या प्रत्येक कुंडाची नोंद व्हावी. ते कोठे आहे, किती खोल आहे, झरा जिवंत आहे की नाही, काठावरचा कोणता नाला तिथे येऊन मिळतो आणि तो बंद करण्याचे काम कोणाकडे दिले आहे, हे नावानिशी लिहिले जावे. रहाडीला चौक आहे तसा एकेका कुंडाला एकेक शेजार नेमून द्यावा. त्यात शाळा असाव्यात, तालमी असाव्यात, पुरोहितांची घरे असावीत, भांडी बाजारातले दुकानदार असावेत आणि ज्यांना एकेकाळी या पाण्यापासून दूर ठेवले गेले त्यांच्या वस्त्याही असाव्यात. आणि उषवदाताने केले तसे ती यादी महापालिकेच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावी, फलकावर लिहावी आणि तो फलक घाटावर, पूर आला तरी वाहून जाणार नाही एवढ्या उंचीवर लावावा. ती उंची किती असावी हे दुतोंड्या मारुतीपाशी उभ्या असलेल्या कोणालाही विचारले तरी सांगता येईल.